झोपलेल्या माणसाचा फोटो

2025 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवसांचे वर्णन करून सांगायला नको. शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलेली, वर्गात दिवे लावूनही अंधारच. मधली सुट्टी संपली आणि दहावीच्या वर्गशिक्षिका एका मुलाला घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात त्या मुलाचा मोबाईल होता. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे हे सांगून होईपर्यंत त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

पडद्यावर आमचे शिपाईमामा होते. जिन्याखालच्या बाकावर बसल्याबसल्या त्यांना झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड उघडे, सदऱ्याचे एक बटण तुटलेले. खाली मुलाने दोन शब्दांची टिंगल लिहिली होती आणि हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची ती पिवळी चित्रे. हा फोटो वर्गाच्या गटावर आदल्या संध्याकाळी गेला होता. त्या गटात नववी-दहावीची साठेक मुले. मामांची मुलगी आमच्याच शाळेत नववीत आहे. ती त्या दिवशी शाळेत आली नव्हती.

मुख्याध्यापकाने अशा वेळी काय बोलायचे असते ते मला पाठ आहे. मी बोललो. मोठ्या माणसांचा मान, शाळेची शिस्त, पालकांना बोलावणे. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली आणि उर्मटपणाचा लवलेशही नसलेल्या आवाजात विचारले, "सर, डिसेंबरात गॅदरिंगला तुम्ही पण दाखवलासा की. त्यात पण झोपलेली माणसं हुती."

बाई दचकल्या. मी त्याला वर्गात जायला सांगितले, कारण त्याला द्यायला माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. वाचकहो, पुढचे सारे लेखन म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे. तो पुरा झाला असा माझा दावा नाही.

मुलगा म्हणाला ते खरे होते. 2024 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि सौ. लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. लेक-जावई क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्सला राहतात. दोघेही नोकरीवाले. सौ.ने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, मला मात्र दिवस खायला उठे. म्हणून मी रोज सकाळी जावयाबरोबर निघून सात नंबरची गाडी पकडू लागलो आणि बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या, दारात दोन संगमरवरी सिंह बसवलेल्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. संध्याकाळी तीच गाडी उलट्या दिशेने. तेव्हा एका वेळचे भाडे दोन डॉलर नव्वद सेंट होते. रुपयांत हिशेब करायचा नाही, अशी लेकीची सक्त ताकीद होती.

या गाडीला सबवे म्हणत असले तरी क्वीन्समध्ये ती रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते आणि मग एका जागी जमिनीत शिरून ईस्ट नदीच्या खालून मॅनहॅटनमध्ये निघते. शहराचा हा भुयारी मार्ग 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाला. चारशेवर स्थानके आणि रात्रंदिवस चालणाऱ्या गाड्या. आपल्याकडे कलकत्त्यात पहिली भुयारी रेल्वे धावली ती 24 ऑक्टोबर 1984 ला, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

सीमाभागातल्या माणसाला त्या डब्यात परके वाटत नाही, हे मला प्रथम जाणवले. एका बाकावर स्पॅनिश, समोर बंगाली, दाराशी चिनी, कोपऱ्यात नेपाळी. आपण मराठीत घरचे बोलतो, कानडीत बाजारहाट करतो, हिंदीत रेल्वेचे तिकीट काढतो आणि मुलांना इंग्रजीतून गणित शिकवतो. तिथेही तेच, फक्त भाषांची बेरीज मोठी. आणि एक फरक. आपल्या एस.टी.त शेजारी बसलेला माणूस गाव विचारतो, आडनाव विचारतो, निपाणी येईपर्यंत सोयरीक काढतो. तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही. समोरासमोर बसायचे आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरच्या जाहिरातीवर लावायची, असा अलिखित नियम. कुणी आपल्याकडे पाहत नाही याची खात्री असल्यामुळे माणसे तिथे निर्धास्त असतात. चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण सैल होतो. कुणी झोपते, कुणी ओठातल्या ओठात पुटपुटते. एक बाई रोज मला दिसे, ती आरशाशिवाय कुंकवाच्या जागी क्षणभर बोट टेकवून मग केस सारखे करी.

मी पाहू लागलो. पाहता पाहता खिशातला मोबाईल हातात आला. वर्तमानपत्र वाचल्यासारखा तो छातीपाशी धरायचा आणि अंगठ्याने हलकेच दाबायचे. सात आठवड्यांत दोनशे चौदा फोटो झाले. डिसेंबरात स्नेहसंमेलनात मी त्यातले तीस निवडून पडद्यावर दाखवले, सोबत चार शब्द बोललो. विषय दिला होता 'जग एक कुटुंब'. कार्यक्रम रंगला.

याच ग्रंथालयात मला वॉकर इव्हान्सचे पुस्तक मिळाले होते. इव्हान्स हा अमेरिकेतल्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक, जन्म 1903, मृत्यू 1975. मंदीच्या काळात अलाबामातल्या गरीब शेतकरी कुटुंबांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. 1938 ते 1941 या काळात त्याने न्यूयॉर्कच्या सबवेत एक उद्योग केला. कॉन्टॅक्स जातीचा छोटा कॅमेरा घेतला, त्याचे चकाकणारे भाग काळे रंगवले आणि तो कोटाच्या आत गळ्यात अडकवला. दोन बटणांच्या फटीतून फक्त भिंग बाहेर. बटण दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली. समोरच्या बाकावरच्या माणसाला पत्ता लागायचा नाही. हॅट घातलेले कारकून, फरचा कोट घातलेल्या बायका, आईच्या कुशीतली मुले, डब्याच्या मधल्या वाटेने चालत अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा आंधळा. असे एकोणनव्वद चेहरे त्या पुस्तकात आहेत. नाव 'मेनी आर कॉल्ड', बायबलातल्या एका वचनावरून घेतलेले. जेम्स एजी या त्याच्या लेखक मित्राने त्याची प्रस्तावना 1940 मध्येच लिहून ठेवली होती. पुस्तक मात्र निघाले 1966 साली. एजी 1955 मध्येच वारला होता. मी पाहिली ती 2004 ची नवी आवृत्ती.

पाव शतक इव्हान्स का थांबला? त्या प्रवाशांचे खासगीपण हे त्याचे एक कारण होते. चोरून पाहिल्याची टोचणी त्याला होती. पंचवीस वर्षांत चेहरे बदलतात, काही माणसे जगातून जातात. फोटोतला माणूस ओळखू येण्याची शक्यता काळाने पुसट केली, मग त्याने तो जगापुढे ठेवला.

त्याच सबवेत 1980 मध्ये ब्रूस डेव्हिडसन नावाचा छायाचित्रकार उतरला. तेव्हा डबे रंगाने बरबटलेले, गुन्हेगारी बोकाळलेली. हा रंगीत फिल्म आणि झगमगता फ्लॅश घेऊन गेला, म्हणजे लपण्याचा प्रश्नच नाही. बरोबर आपल्या फोटोंचा एक अल्बम ठेवी, लोकांना दाखवी आणि पुष्कळदा आधी विचारून मग फोटो काढी. त्याचे पुस्तक 1986 ला आले. दोघांचीही चित्रे थोर आहेत. पण डेव्हिडसनच्या माणसांना आपल्याकडे कुणी पाहत आहे हे ठाऊक आहे, इव्हान्सच्या माणसांना ते ठाऊक नाही. आणि खरे सांगायचे तर डोळ्यांपुढून हलत नाहीत ती इव्हान्सची माणसे. इथेच खरी अडचण आहे. विचारले की चेहरा बदलतो. न विचारता जे मिळते ते विचारून मिळतच नाही. मग काय करावे?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्याने 2004 मध्ये सबवेत फोटो काढण्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आणला होता. लोकांनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला. दिवे, परावर्तक पडदे किंवा तिपाई न वापरता तिथे कुणीही फोटो काढू शकतो. टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत फोटो काढला म्हणून एका गृहस्थाने फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकारावर दावा लावला, तोही 2006 मध्ये फेटाळला गेला. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते न्या. पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, ही आपल्या भागाला अभिमानाची गोष्ट. पण झोपलेल्या शिपायाचा फोटो गटावर टाकावा की नाही, याचा निर्णय करायला कुणी दिल्लीला जात नाही. तो निर्णय ज्याच्या अंगठ्याखाली बटण आहे त्याचा त्यालाच करावा लागतो.

एम.ए.ला आम्हाला नीतिशास्त्राचा एक पेपर होता. त्यातला एक प्रश्न आजही छळतो. ज्याला कळणारच नाही त्याचा अपराध होतो का? न्यूयॉर्कमधल्या त्या माणसांना बेळगावच्या एका शाळेत आपण पडद्यावर झळकलो हे जन्मात कळणार नाही. त्यांचे काय बिघडले?

याला मी माझ्यापुरता एक दाखला शोधला. समजा, एखाद्या पोस्टमनने तुमचे अंतर्देशीय पत्र वाफेवर उघडून वाचले आणि पुन्हा चिकटवून तुम्हाला आणून दिले. तुम्हाला कळले नाही, तुमचे काही बिघडले नाही. तरीही त्याने वाईट केले असे आपण सगळेच म्हणू. म्हणजे कळण्यावर आणि नुकसानावर सारे अवलंबून नाही. यावर कुणी म्हणेल, गाडीतला चेहरा हे बंद पत्र नव्हे, ते पोस्टकार्ड आहे. चारचौघांत बसलात म्हणजे चारचौघे पाहणारच. कबूल. पोस्टकार्ड पोस्टमनच्या नजरेखालून गेले तर त्याला दोष देता येत नाही. पण तेच पोस्टकार्ड त्याने चावडीवर उभे राहून मोठ्याने वाचून दाखवले तर? मजकूर तोच, झाकलेला कधीच नव्हता. तरी लिहिणाऱ्याने तो चावडीसाठी लिहिला नव्हता. पाहणे आणि दाखवणे यांत हे अंतर आहे. पूर्वी पाहणारे पुष्कळ आणि दाखवणारे थोडे होते. आता प्रत्येकाच्या खिशात एक चावडी आहे.

आणि झोपलेला माणूस तर पोस्टकार्डही नव्हे. जागा माणूस निदान तोंड फिरवू शकतो, कपाळाला आठी घालू शकतो. झोपलेल्याने आपला चेहरा आजूबाजूच्या लोकांवर विश्वासाने सोपवलेला असतो. आपल्या घरात झोपलेल्याला ओलांडून जायचे नाही असे शिकवतात, तसलाच हा प्रकार आहे.

हे शहाणपण मला न्यूयॉर्कलाच यायला हवे होते, कारण तशी संधी मिळाली होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी परतीच्या गाडीत मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोरचा एक तरुण मोबाईल उभा धरून बसला होता. माझ्या डोक्याला सौ.ने बळेच घातलेली माकडटोपी, मांडीवर डब्याची पिशवी. त्याने फोटो काढला की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तो निरोप वाचत असेल. पण मी चट्कन टोपी काढली, पिशवी सावरली आणि उरलेला प्रवास ताठ बसून केला. मनात आले, याच्या घरी हा फोटो पाहून कोण कोण हसेल? गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मोबाईल पुन्हा छातीपाशी होता. आपल्याला टोचलेला काटा दुसऱ्यालाही टोचतो, हे कळायला मला वर्षभर लागले आणि एका पोराला तोंड उघडावे लागले.

आपल्या भाषेकडे पाहा. माझ्या लहानपणी माणसे 'फोटो काढून घेत'. इस्त्रीचे कपडे, तेल लावून बसवलेले केस, स्टुडिओतल्या पडद्यावरचा ताजमहाल. त्या 'काढून घेण्या'त माणसाची स्वतःची इच्छा होती. आपण कसे दिसावे हे त्याने ठरवलेले असे. आज आपण नुसता 'फोटो काढतो'. 'घेणे' हे क्रियापद गळाले आणि त्याबरोबर समोरच्याची संमतीही.

मग सगळे फोटो पाप का? तसे म्हणायला माझे मन धजत नाही. इव्हान्सने कोटाखाली कॅमेरा लपवला नसता तर 1940 चा न्यूयॉर्कचा साधा माणूस कसा दिसत होता, थकल्यावर त्याची नजर कुठे लागत होती, हे आज कुणालाही कळले नसते. राजेरजवाड्यांची चित्रे असतात, साध्या माणसाचा चेहरा कोण जपून ठेवतो? आपल्या गावच्या शनिवारच्या बाजाराचा, जुन्या टांग्यांचा एखादा फोटो मिळाला तर आपण तो चौकटीत बसवतो. त्यात उभ्या असलेल्या भाजीवालीला कुणी विचारले होते?

म्हणून फोटोपुढे एक प्रश्न ठेवावा, असे मला वाटते. ज्याचा फोटो आहे त्याच्या लेकीच्या हातात मी तो देऊ शकेन का? स्वतः माणूस उदार असतो, स्वतःवर हसूही शकतो. लेकीच्या नजरेतून पाहिले म्हणजे फोटो काढणारा त्या माणसाच्या बाजूला बसला होता की त्याच्या समोर उभा राहून त्याला हसत होता, हे लपत नाही. इव्हान्सच्या पुस्तकातले बहुतेक चेहरे या परीक्षेत उतरतात, असे मला वाटते. त्याने कुणाला हास्यास्पद केले नाही.

आणि माझे फोटो? त्या मुलाच्या आणि माझ्या कृत्यात फरक आहे, असे मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. मी टिंगल लिहिली नव्हती. माझ्या फोटोतल्या माणसांना सभागृहात कुणी ओळखत नव्हते. इव्हान्सने काळाचे अंतर ठेवले, मी देशाचे ठेवले. पण तिसऱ्या रात्री कार्यक्रमाचे चित्रीकरण पुन्हा लावून पाहिले. सतराव्या फोटोत एक स्थूल गृहस्थ तोंड उघडे टाकून झोपलेले आहेत. तो पडद्यावर आला आणि सभागृह खदखदून हसले. ध्वनिक्षेपकाशेजारी उभा असलेला मीही हसलो. वर म्हणालो, "बघा, झोप सगळ्या देशांत सारखीच!" पुन्हा हशा. आमचा तो दहावीतला मुलगा तेव्हा नववीत होता आणि तिसऱ्या रांगेत बसला होता. झोपलेल्या माणसाला हसायचे असते, हे त्याला मुख्याध्यापकांनी दाखवून दिले होते. त्याने फक्त धडा गिरवला.

दुसऱ्या दिवशी मी मामांना खोलीत बोलावले, खुर्चीवर बसवले. ते बसायला तयार नव्हते. आदल्या तीन रात्री त्यांनी दवाखान्यात आईच्या उशाशी जागून काढल्या होत्या, हे मला तेव्हा कळले. फोटोत तुटलेले बटण दिसत होते, जागरण दिसत नव्हते. फोटो खोटे बोलत नाही म्हणतात. पण अर्धे बोलून गप्प बसतो, हे कुणी सांगत नाही. मी माफी मागितली तेव्हा मामा संकोचून म्हणाले, "झोपलेल्या माणसाला काय कळतंय ओ सर. मला कायबी वाटलं नाही. पोरीनं बघितलं, तेवढंच वाईट वाटलं."

मुलाने मामांची माफी मागितली, ती माझ्या खोलीत, चारचौघांपुढे नव्हे. त्याच्या माफीचाही तमाशा नको होता. प्रार्थनेच्या वेळी मात्र मी सगळ्या शाळेपुढे डिसेंबरातल्या माझ्या कार्यक्रमाविषयी बोललो. मामांचे नाव घेतले नाही. माझे घेतले. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. मुख्याध्यापकाने चूक कबूल केली की उद्या मुले डोक्यावर बसतात, असे त्यांचे म्हणणे. असेलही. अजून तरी कुणी बसलेले नाही.

त्या रात्री दोनशे चौदा फोटो मी एकेक करून पाहिले आणि प्रत्येकापुढे लेकीचा प्रश्न ठेवला. अकरा उरले. त्यांत एका म्हाताऱ्याचा आहे. तो संत्रे सोलतो आहे आणि शेजारच्या, बहुधा अनोळखी, लहान मुलाने टक लावून पाहिले म्हणून एक फोड त्याच्यापुढे धरतो आहे. त्या म्हाताऱ्याच्या लेकीला हा फोटो आवडेल अशी माझी खात्री आहे. पण खात्री माझी आहे, परवानगी त्याची नाही, हेही तितकेच खरे. तो फोटो मी ठेवला आहे आणि दाखवत नाही. हे तर्काला धरून आहे का, मला सांगता येणार नाही.

आता मुंबईतही आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो धावते. 2025 च्या ऑक्टोबरात तो मार्ग पुरा झाला. आपल्या भागातली कितीतरी मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात रोज अशा डब्यांतून जातील, दमून झोपतील. समोरच्या बाकावर कुणाचा तरी मोबाईल छातीपाशी असेल. तो धरणाऱ्या हाताला घरी किंवा शाळेत काही सांगितले गेले असेल, तर ते आजच सांगितले जायला हवे.

मामांची मुलगी चौथ्या दिवशी शाळेत आली. ती अभ्यासात बरी आहे, पुढे जाईल. मामांच्या आईला बरे वाटू लागले. सारे पूर्ववत झाले, असे लिहून लेख संपवता आला असता. पण जिन्याखालच्या त्या बाकावर मामा आता बसत नाहीत. मधल्या सुट्टीत ते पाण्याच्या टाकीमागे, भिंतीकडे तोंड करून, उभ्यानेच डबा खातात.